अजिंठ्यातील नौकाचित्र

अजिंठ्यातील नौकाचित्र हे अजिंठा येथील लेणे क्रमांक २ मधील एक भित्तिचित्र आहे. शूर्पारक (आजचे नालासोपारा, पालघर जिल्हा) येथील व्यापारी व पुढे भिक्षू झालेल्या पूर्णाची कथा सांगणाऱ्या मोठ्या चित्रपटाचा तो एक भाग असून, समुद्रात वादळात सापडलेली तीन डोलकाठ्यांची नौका त्यात दाखवली आहे. प्राचीन भारतातील समुद्रगामी जहाजाचे इतके तपशीलवार रंगीत चित्र दुसरे उपलब्ध नाही. त्यामुळे कलेच्या इतिहासाइतकाच नौकानयनाच्या इतिहासातही त्याचा आधार घेतला जातो. चित्रकाराचे नाव ज्ञात नाही.

स्थान

अजिंठ्याची लेणी प्रशासकीय दृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यात येतात. परंतु ती ज्या डोंगररांगेत कोरली आहेत तिच्या उत्तरेला लगेच खानदेश सुरू होतो. जळगाव शहरापासून ती सुमारे ६० किलोमीटरवर असून रेल्वेने येणारे बहुतेक प्रवासी आजही जळगाव किंवा भुसावळ येथे उतरतात. लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या घळीतून वाहणारी वाघूर नदी उत्तरेकडे जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळत असल्याने लेण्यांसमोरचे पाणी अखेरीस समुद्रातच जाते. लेण्यांपासून सोपारा बंदर मात्र सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या कुशीत समुद्राचे चित्र का काढले गेले, या प्रश्नाचे उत्तर व्यापारी मार्गांत सापडते. भरुकच्छ (भडोच), शूर्पारक आणि कल्याण या बंदरांतून निघणारे मार्ग घाट चढून नाशिक, पितळखोरे, प्रतिष्ठान (पैठण) आणि तगर (तेर) येथे जात. पैठणहून उत्तरेस उज्जयिनीकडे जाणारा मार्ग अजिंठ्याच्या परिसरातून तापीच्या खोऱ्यात उतरत असे. पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापाऱ्यांची संख्या मोठी होती, हे तेथील शिलालेखांवरून स्पष्ट होते. ज्यांचा माल समुद्रावर असे, त्यांना वादळातून वाचवणाऱ्या भिक्षूची कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

काळ

लेणे क्रमांक २ हा महायान काळातील विहार आहे. मध्ये स्तंभयुक्त मंडप, भोवती भिक्षूंच्या खोल्या आणि मागील बाजूस बुद्धमूर्तीचे गर्भगृह अशी त्याची रचना आहे. जुन्या अभ्यासकांनी या लेण्यातील चित्रे इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातील मानली होती. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी मात्र अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे बहुतेक सर्व काम वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील जेमतेम दोन दशकांत झाल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या कालगणनेतील वर्षनिहाय तपशील सर्वांना मान्य नाहीत. तथापि पाचव्या शतकाचा उत्तरार्ध हा काळ आता सामान्यतः स्वीकारला जातो. जुन्या पुस्तकांत आणि नव्या लेखनात या चित्राचे वय शंभर-दीडशे वर्षांनी वेगवेगळे आढळते, त्याचे कारण हे आहे.

लेणे क्रमांक १७ मधील शिलालेखात हरिषेणाच्या एका मांडलिक घराण्याची वंशावळ दिलेली आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मते हे घराणे ऋषिक देशावर, म्हणजेच खानदेशावर राज्य करीत होते. हे मत ग्राह्य धरल्यास अजिंठ्याच्या वैभवकाळात लेण्यांचा निदान काही खर्च खानदेशच्या महसुलातून झाला, असे म्हणता येते.

कथा

पूर्णाची कथा 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात दुसऱ्या क्रमांकाच्या अवदानात येते. अवदान म्हणजे बुद्धाच्या अनुयायांच्या पूर्वकर्मांची व त्यांच्या फलांची कथा. शूर्पारकातील भव नावाच्या धनिकाला पत्नीपासून भविल, भवत्रात व भवनंदी हे तीन मुलगे होते. चौथा पूर्ण हा दासीपुत्र होता. वडिलांच्या मृत्यूनंतर वाटणीत त्याच्यावर अन्याय झाला आणि तो जवळजवळ रिकाम्या हाताने घराबाहेर पडला. थंडीने कुडकुडत लाकडांची मोळी नेणाऱ्या एका माणसाकडून त्याने ती मोळी विकत घेतली. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या त्या लाकडांत दुर्मीळ गोशीर्ष चंदन निघाले. दाहज्वराने पीडित राजाला त्याच चंदनाने आराम पडला आणि पूर्णाचे दैव उघडले.

पुढे त्याने सहा यशस्वी सागरी सफरी केल्या. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे व रात्री जहाजावर काही वचने म्हणताना त्याने ऐकले. ती बुद्धाची वचने असल्याचे कळल्यावर तो श्रावस्तीला गेला आणि भिक्षू झाला. समुद्रात धोके अनेक आणि सुख थोडे, तेव्हा समुद्रावर जाऊ नकोस, असे त्याने थोरल्या भावाला निघताना बजावले होते. नंतर तो श्रोणापरान्त या रानटी समजल्या जाणाऱ्या प्रदेशात धर्मोपदेशासाठी गेला.

भविलाने मात्र इतर व्यापाऱ्यांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि तो गोशीर्ष चंदनाच्या शोधात समुद्रापार गेला. चंदनाच्या वनावर पाचशे कुऱ्हाडी चालू लागल्या. ते वन महेश्वर नावाच्या यक्षाचे होते. संतापलेल्या यक्षाने 'कालिकावात' हे भयंकर वादळ सोडले. व्यापारी शिव, वरुण, कुबेर अशा देवांचा धावा करू लागले; भविल भावाचा इशारा आठवत स्तब्ध बसून राहिला. त्याच्याकडून पूर्णाचे नाव कळताच सर्वांनी पूर्णाचा धावा केला. पूर्ण आकाशमार्गाने आला, नौकेवर पद्मासन घालून बसला आणि वादळ शमले. आणलेल्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी 'चंदनमाल' नावाचा प्रासाद बांधण्यात आला आणि बुद्धाने तेथे येऊन उपदेश केला.

ऐतिहासिक सोपाऱ्याशी या कथेचा धागा जुळतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तेथे मिळाले. बुद्ध प्रत्यक्ष कोकणात आल्याचा मात्र कोणताही पुरावा नाही. ती श्रद्धेची बाब आहे.

चित्राचे वर्णन

चित्रपट लेण्याच्या मंडपातील उजव्या भिंतीवर आहे. तेथे एकामागोमाग एक प्रसंग चौकटी न आखता सलग रंगवलेले आहेत. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्यासाठी चित्रकाराने इमारती, झाडे किंवा पाठमोऱ्या आकृती यांचा उपयोग केला आहे. त्यामुळे नौका कोठे आहे हे माहीत नसलेला प्रेक्षक पुष्कळदा ती न पाहताच पुढे जातो, विशेषतः लेण्यातील मंद प्रकाशात.

नौका पूर्णपणे बाजूने दाखवली आहे. तिचा तळ वक्र असून दोन्ही टोके उंच उचललेली आहेत. पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, डोळा रंगवलेला आहे. तीन डोलकाठ्यांवर उंच व अरुंद शिडे असून नाळेकडे आणखी एक वाऱ्याने फुगलेले शीड आहे. मागील बाजूस सुकाणूचे काम करणारे मोठे वल्हे आणि छताखाली ओळीने मांडलेले रांजण दिसतात. रांजण पिण्याच्या पाण्याचे असावेत असे एक मत आहे, व्यापारी मालाचे असावेत असे दुसरे. लांबच्या प्रवासात दोहोंची गरज असे. नौकेत हात जोडून बसलेली व्यक्ती आहे. भोवतीच्या पाण्यात अर्धे मानवी आणि अर्धे जलचर अशा आकृती नौकेला त्रास देत आहेत, तर वरून आकाशातून साहाय्य येत आहे. कथेतील धावा आणि सुटका हे दोन क्षण चित्रात एकत्र आले आहेत.

आधुनिक सागरचित्रात डोळा प्रथम क्षितिजरेषा शोधतो. येथे क्षितिज नाही. प्रकाश एका बाजूने येत नाही, दूरच्या वस्तू लहान होत नाहीत आणि वादळाचा काळोखही रंगवलेला नाही. प्राचीन भारतीय चित्रपरंपरेत पाणी ओळखले जाते ते त्यातील जीवांवरून. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' या भागात जल दाखवताना मासे, कासवे, कमळे आणि इतर जलचर काढावेत असे सांगितले आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी हाच ग्रंथ वाचला होता असे नव्हे, पण दृष्टी तीच आहे. माणसे नौकेच्या मानाने फार मोठी आहेत, कारण चित्राचा विषय माणसाचे संकट हा आहे, जहाजाचा आकार हा नाही.

तंत्र

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते, ते काटेकोरपणे बरोबर नाही. फ्रेस्कोमध्ये ओल्या चुन्यावर रंग देतात आणि चुना वाळताना रंग त्यात बद्ध होतो. अजिंठ्यात छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या खडकावर माती, भाताचा कोंडा, वनस्पतींचे तंतू आणि बारीक खडी यांचा गिलावा दिलेला आहे. त्यावर अधिक मऊ मातीचा थर आणि शेवटी पांढरा पातळ लेप येतो. हा पृष्ठभाग वाळल्यावर तांबड्या रेषेने आकृत्या आखून डिंक किंवा सरस मिसळलेले रंग भरले आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती आणि हिरवट खनिज हे रंग मुख्य होत. त्यांपैकी बहुतेक दख्खनच्या खडकांतच मिळतात. निळा रंग मात्र लाजवर्द या दगडाचा आहे. त्याच्या खाणी अफगाणिस्तानातील बदख्शान येथे आहेत, म्हणजे चित्रातला निळा रंग स्वतःच दूरच्या व्यापारातून आलेला आहे.

या तंत्राची एक मोठी उणीव अशी की गिलाव्याला दमट हवा, कीटक आणि वटवाघळे यांपासून सतत धोका असतो. गिलावा सुटला की त्यावरील चित्र तुकड्यातुकड्याने गळून पडते.

चित्रकार

एका लेण्यात अनेक हातांनी काम केले असावे, हे रेषांच्या व चेहऱ्यांच्या वेगळेपणावरून दिसते. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव या चित्रावर नाही. नौकेचे चित्र काढणाऱ्याने समुद्र पाहिला होता का, यावर मतभेद आहेत. सुकाणूची वल्ही, रांजण आणि नाळेवरचा डोळा हे तपशील केवळ ऐकीव माहितीवर काढता येणे कठीण आहे. तसा डोळा हिंदी महासागराच्या व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर आजही नौकांवर रंगवला जातो. उलट तीन उंच शिडांची दाटी इतक्या आखूड नौकेवर प्रत्यक्षात कशी बसत असेल, हे सांगणे सोपे नाही. चित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या गुरूने बंदरात पाहिलेले जहाज, पुढे कार्यशाळेत ठरून गेलेल्या नमुन्यानुसार आखडून भिंतीवर उतरवले गेले असावे, हे अनुमान सर्वांत सयुक्तिक वाटते.

प्रतिकृती आणि आगी

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याने लेणी पाहिल्यानंतर ती युरोपीय अभ्यासकांना ज्ञात झाली. त्याच्या आदल्याच वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला होता. लेणी मात्र निजामाच्या हद्दीत होती. पुढील काही दशकांत हौशी प्रवाशांनी चित्रांचे तुकडे खरवडून नेण्याचे प्रयत्न केले. त्यांतील बरेचसे हातातच भुगा झाले.

चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रतिकृती करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपवले. अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम करून गिल यांनी सुमारे वीस वर्षे तैलरंगातील मोठ्या प्रतिकृती तयार केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या. १८५६ पासून ते छायाचित्रेही घेऊ लागले. लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या जवळजवळ सर्व प्रतिकृती डिसेंबर १८६६ मधील आगीत जळाल्या, मोजक्याच वाचल्या. गिल यांनी त्यानंतरही काम सोडले नाही. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भुसावळ येथील युरोपीय दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

महाराष्ट्रात गिल यांचे नाव त्यांच्या प्रतिकृतींपेक्षा पारो या स्थानिक स्त्रीशी असलेल्या त्यांच्या नात्यामुळे अधिक परिचित आहे. पारोचा मृत्यू १८५६ मध्ये झाला आणि तिची कबर अजिंठा गावात आहे. जवळच्याच पळासखेडे येथील कवी ना. धों. महानोर यांनी या विषयावर 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. या लोकप्रियतेत गिल यांच्या वीस वर्षांच्या कामाचे काय झाले, हा भाग बहुधा बाजूला राहतो.

गिल यांच्या प्रतिकृती जळाल्यावर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रतिकृती केल्या. या विद्यार्थ्यांत पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बमनजी हेही होते. या प्रतिकृती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पाठवल्यावर १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि शंभराहून अधिक नष्ट झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत नौकेचे चित्र स्वतंत्रपणे छापले होते, आणि तेथून ते जगभर गेले. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ मध्ये भारतीय नौकानयनाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात अजिंठ्यातील नौकांचा पुरावा म्हणून उपयोग केला. म्हणजे इतिहासकारांच्या हाती बराच काळ जे होते ते भिंतीवरचे चित्र नव्हे, तर त्याच्या प्रतिकृतीवरून छापलेले चित्र होते. खराब झालेल्या भागांत प्रतिकृतीकाराने रेषा जोडून घेतली असेल तर ती पुढच्या प्रत्येक पुस्तकात मूळ म्हणूनच गेली.

प्रतिकृती करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निशही लावले होते. हैदराबाद संस्थानाने १९२० नंतर लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून सुटणारा गिलावा पक्का करून घेतला, पण त्या वेळी वापरलेले लाखेचे व्हार्निश कालांतराने पिवळे-तपकिरी पडले. नौकाचित्रासह अनेक चित्रांवर दिसणारी तपकिरी छटा काही अंशी पाचव्या शतकातील नसून विसाव्या शतकातील आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने पुढे रासायनिक सफाई करून हे थर काढण्याचे काम हाती घेतले. संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चित्रांचे छायाचित्रांसह खंड प्रसिद्ध केले, तेव्हापासून अभ्यासकांना प्रतिकृतींवर विसंबून राहण्याची गरज बरीच कमी झाली.

इतर सागरी प्रसंग

अजिंठ्यात समुद्र दुसऱ्यांदा मोठ्या प्रमाणावर येतो तो लेणे क्रमांक १७ मधील सिंहल अवदानात. जहाज फुटून ताम्रद्वीपावर पोहोचलेले व्यापारी, त्यांना भुरळ घालणाऱ्या राक्षसी, सिंहलाला वाचवणारा शुभ्र घोडा आणि शेवटी हत्ती-घोडे नौकांत चढवून सिंहलाने केलेली स्वारी असा तो विस्तृत पट आहे. त्यातील नौका साध्या आहेत. हत्ती उभे असलेल्या त्या नौका वास्तवाच्या जवळ नाहीत, आणि चित्रकाराचा तसा हेतूही नसावा. औरंगाबाद येथील लेणे क्रमांक ७ आणि कान्हेरी येथील लेणे क्रमांक ९० मध्ये अवलोकितेश्वर ज्या आठ भयांपासून रक्षण करतो त्यांत बुडणारी नौका कोरलेली आहे. सातवाहन राजांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते, पण नाण्याच्या आकारामुळे त्यात तपशील थोडा आहे.

चित्रावरून बांधलेले जहाज

या नौकाचित्रावर आधारित प्रत्यक्ष जहाज बांधण्याचा प्रकल्प जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यातील करारातून सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जहाजाचा तळकणा बसवण्यात आला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील गटाने लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून आणि फटी नैसर्गिक राळेने भरून जहाज उभे केले; त्यात लोखंडी खिळे वापरलेले नाहीत. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले. कौंडिण्य हा आग्नेय आशियात गेलेला दंतकथेतील भारतीय दर्यावर्दी होय.

मूळ आराखडे अस्तित्वात नसल्याने चित्रातील सपाट आकृतीवरून जहाजाची रुंदी, खोली आणि वजनाचा तोल ठरवणे हे या कामातील मुख्य आव्हान होते. जहाजाच्या आकाराची पाण्यातील चाचणी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने करण्यात आली. फळ्या शिवण्याची पद्धत चित्रावरून घेतलेली नाही; ती पश्चिम किनाऱ्यावर आणि ओमानमध्ये टिकून राहिलेल्या परंपरेतून आलेली असून, पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथातही शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. चित्रातून घेतले ते जहाजाचे बाह्यरूप, तर चौकोनी शिडे आणि वल्ह्यांचे सुकाणू प्रत्यक्षात कसे चालवावे हे नौदलाच्या खलाशांना नव्याने शिकावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये हे जहाज पोरबंदरहून ओमानमधील मस्कतकडे आपल्या पहिल्या परदेश सफरीवर निघाले.